सतरा अंकी स्लो लोकल

डोंबिवलीत राहतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. दवाखान्यात कुणाला बघायला गेल्यावर आणतात तसा. मग हलक्या आवाजात प्रश्न येतो, "गाडीत चढायला मिळतं का हो?" इतकी वर्षं मी मान खाली घालून "मिळतं की, मागचे चढवतात" म्हणत आलो. हल्ली मात्र मी छाती फुगवतो (लोकलच्या सवयीने ती बेतानेच फुगते) आणि उलट विचारतो, "आमच्या गावाच्या नावाची एक संख्या आहे. तुमच्या गावाच्या नावाची आहे का?" समोरचा गप्प होतो. पुण्याचा असेल तर "असेलच" म्हणतो, पण मनातून तोही गप्प होतो.

ती संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंकी आहे. एक एक पायरी चढत नऊपर्यंत जाते आणि तशीच एक एक पायरी उतरत खाली येते. डोंबिवलीच्या रेल्वे पुलासारखी. फरक इतकाच की हिच्यावर मधे कुणी मोबाइलची कव्हरं विकायला बसलेलं नाही.

हिची माझी ओळख चौथ्या सीटवरच्या सरांनी करून दिली. सर गणिताचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आठवड्यातून चार दिवस दादरला एका क्लासात शिकवायला जातात. घरी बसलं की भाजी निवडावी लागते, हे त्यामागचं शैक्षणिक कारण. चौथी सीट म्हणजे काय, हे मध्य रेल्वेबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. तीन माणसांच्या बाकावर चौथा जो अर्धा टेकतो आणि उरलेला अर्धा हवेत ठेवतो, ती चौथी सीट. अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं साधन नाही, असं सर म्हणतात.

एका सकाळी मुंब्र्याच्या अलीकडे गाडी थांबली. सर म्हणाले, "नऊ वेळा एक लिही. आता त्या संख्येला तिनेच गुण."

"गुणून काय मिळेल, सर?"

"सिग्नल मिळेपर्यंत दुसरं काय मिळणार आहे?"

मी फोन काढला आणि १११११११११ गुणिले १११११११११ केलं. फोनच्या पडद्यावर १.२३४५६७ वगैरे काहीतरी उमटलं आणि शेवटी एक इंग्रजी 'ई' आला. एवढी मोठी संख्या बघून फोनलाही 'ई!' झालं. झुरळ बघितल्यावर आमच्या घरात होतं तसंच.

ऑफिसात पोचल्यावर हिशेबाच्या तक्त्यात ती संख्या अख्खी टाकून पाहिली. तक्त्याने ती घेतली आणि क्षणात १२३४५६७८९८७६५४३०० करून परत दिली. शेवटचे एकवीस गायब! या तक्त्याला पंधराच अंक ध्यानात राहतात. सोळाव्या आणि सतराव्याला तो बिनदिक्कत शून्यावर बसवतो. मार्च महिन्यात एकवीस रुपयांचा फरक सापडेना म्हणून आम्हाला रात्री दहापर्यंत थांबवून ठेवणाऱ्या हिशेब खात्याचाच हा तक्ता. गणपतीला वाहायच्या एकवीस दुर्वा कुणी अशा गिळल्या असत्या तर घरात केवढा गहजब झाला असता.

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन सरांकडे गेलो. ते म्हणाले, "यंत्र कशाला लागतं? ही संख्या आपल्या गाडीतच बसलेली आहे. मोज."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेत ऐकलं असतं तर आज चौथ्या सीटवर नसतो, निदान खिडकीला असतो. समजा, नऊ मित्र आहेत. प्रत्येक जण नेमक्या नऊ स्थानकांवर गाडीत दिसतो. पहिला डोंबिवलीला चढतो, दुसरा कोपरला, तिसरा दिव्याला, चौथा मुंब्र्याला, पाचवा कळव्याला, सहावा ठाण्याला, सातवा मुलुंडला, आठवा नाहूरला आणि नववा भांडुपला. आता प्रत्येक स्थानकावर डोकी मोजा. डोंबिवलीला एक, कोपरला दोन, दिव्याला तीन, असं करत भांडुपला नऊ. पहिल्याची नऊ स्थानकं भरली, तो भांडुपला उतरला. म्हणून कांजूरमार्गला आठ, विक्रोळीला सात, घाटकोपरला सहा, विद्याविहारला पाच, कुर्ल्याला चार, शीवला तीन, माटुंग्याला दोन आणि दादरला शेवटचा एक.

मी बोटांवर मोजलं. धीम्या गाडीने डोंबिवली ते दादर बरोबर सतरा स्थानकं. संख्येत सतरा अंक. बरोबर मध्यावर भांडुप आणि त्याच्या डोक्यावर नऊ! आयुष्यात भांडुपला एवढा मान मी पहिल्यांदाच दिला.

"आणि हाच गुणाकार," सर म्हणाले. "कागदावर मांडताना एकांच्या नऊ ओळी एकाखाली एक लिहितोस ना, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून? ती प्रत्येक ओळ म्हणजे एक मित्र. एक घर सरकणं म्हणजे एक स्थानक उशिरा चढणं. खाली बेरीज करतोस तेव्हा तू फक्त डब्यातली डोकी मोजतोस."

शाळेत आम्ही ती जागा सोडायला फुली मारायचो. का मारतो, हे विचारलं की पट्टी बसायची. नाहूर आणि कोपर ही स्थानकं तेव्हा नव्हती, त्यामुळे मला गणित कळलं नाही यात रेल्वेचाही थोडा दोष आहे.

आता ही संख्या वाचायची कशी? आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाचली तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एका वाक्यात दोनदा कोटी आले की ऐकणाऱ्याला आपल्यावर खटला चालू आहे असं वाटतं. सर म्हणाले, भास्कराचार्यांच्या पद्धतीने वाच. बाराव्या शतकातल्या 'लीलावती'त त्यांनी एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावं दिली आहेत. त्यात ही संख्या बसते आणि वर एक घर रिकामं उरतं. मी घरी जाऊन मोठ्याने वाचली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक.

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, कुणाचं लग्न लागतंय?"

पण माझं लक्ष पहिल्याच शब्दावर अडकलं होतं. सगळ्यांत डावीकडचा एक ज्या घरात बसलाय त्याचं नाव 'मध्य'. डोंबिवलीची संख्या मध्य रेल्वेवरच सुरू व्हायची, हे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ठरलेलं होतं! शिवाय भास्कराचार्यांच्या यादीत आधी 'अंत्य' येतं आणि त्यानंतर 'मध्य'. शेवट आधी आणि मध्य नंतर हा क्रम आमच्या गाड्यांचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय कुणाला सुचेल असं मला वाटत नाही.

संख्या किती मोठी आहे याचा अंदाज यावा म्हणून मी थोडा हिशेब केला. सेकंदाला एक याप्रमाणे एवढे रुपये मोजायचे तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. म्हणजे डायनोसॉर जन्माला यायच्याही पंधरा-एक कोटी वर्षं आधी मोजायला बसायला हवं होतं. आमचे आजोबा बसले नाहीत, वडील बसले नाहीत. मराठी माणूस पैशाच्या बाबतीत पहिल्यापासूनच उदासीन. आणि हे सगळे रुपये जगातल्या आठशे कोटी माणसांना सारखे वाटले तर प्रत्येकाच्या खात्यात साधारण १५ लाख ४३ हजार पडतील. पंधरा लाख हा आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. पण आपला विषय गणित आहे.

तर या संख्येला डोंबिवलीचं नाव कुणी दिलं? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. होती ती वही, आणि वहीत आकडे. दारुड्याला जसा पेल्यावर पेला लागतो तसा मला आकड्यांचा अंमल चढतो, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत. फरक एवढाच की या अमलात त्यांना गाडीतून उतरायचं स्थानक विसरायला होत नसावं. उलट स्थानकंच संख्यांना चिकटत. तेव्हाच्या जी.आय.पी. म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर 'डेमलो' स्थानक होतं, तेच आजचं डोंबिवली. तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून या संख्या 'डेमलो संख्या' झाल्या. १९३८ साली त्यांनी त्यांच्यावर लेखही छापला.

साध्या डेमलो संख्येची घडण अगदी घरगुती आहे. २५५३ घ्या. डावीकडे २, उजवीकडे ३, आणि मधे त्यांच्या बेरजेचे पाच पुन्हा पुन्हा. ४७७७३ घ्या. चार आणि तीन दोन टोकांना, मधे सातांची रांग. दोन्हीकडचे व्याही कडेला आणि मधे सगळी एकत्र आलेली वऱ्हाडी मंडळी. आमच्या सतरा अंकी संख्येची जात मात्र त्यातली खास आहे. तिला आणि तिच्या भावंडांना (१२१, १२३२१, १२३४३२१) ते 'अद्भुत डेमलो' म्हणत. डोंबिवलीला 'अद्भुत' हे विशेषण कुणीतरी लावलं होतं, तेही छापून, हे आमच्या सोसायटीच्या फलकावर लावायला हवं. सध्या तिथे पाणी बंद राहील असं लिहिलेलं आहे.

बरं, माणूस एका गावाशी बांधलेला नव्हता. देवळालीत राहून त्यांनी शोधलेल्या एका जातीच्या संख्यांना 'देवळाली संख्या' असंही म्हणतात. शिवाय त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही गंमत बघा: कुठलेही चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), मोठ्यापासून लहान असे लावा, त्यातून लहानापासून मोठे असे लावलेले वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. सात खेपांच्या आत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. कुठूनही निघालात तरी तिथेच. डोंबिवलीतल्या कुठल्याही गप्पा अशाच सात वाक्यांच्या आत "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" इथे येऊन थांबतात, पण त्याला अजून कुणाचं नाव मिळालेलं नाही. कापरेकरांच्या या उद्योगाला इथले बरेच मोठे गणिती हसत. हे गणित नव्हे, करमणूक आहे म्हणत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. बाहेरच्या शेजाऱ्याने विचारल्यावर घरच्यांना आपल्या दारातला आंबा गोड लागतो, तसं झालं.

हे सगळं मी रात्री जेवताना बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, ताटात आमटी वाढली आणि मला ज्याची भीती होती तो प्रश्न विचारला.

"अहो, पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न माझ्या घरात माझ्याविषयीही अधूनमधून निघतो, त्यामुळे मला सावध उत्तर द्यावं लागतं. मी म्हटलं, "कापरेकरांनी त्याचंही उत्तर देऊन ठेवलंय. काही संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटलंय. हर्ष देणारी ती हर्षद. एखाद्या संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, आणि त्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग गेला की ती हर्षद. १८ घे. एक आणि आठ नऊ, आणि नऊ दुणे अठरा. हर्षद."

"आणि तुमची ती सतरा डब्यांची?"

मी वही घेतली. एकापासून आठपर्यंत छत्तीस, पुन्हा आठापासून एकपर्यंत छत्तीस, मधला नऊ. एकूण एक्याऐंशी. म्हणजे नऊ नव्वे. आता भाग जातो का? नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नऊने भाग जातो. मग त्याच्या वर्गाला एक्याऐंशीने जाणारच! भागाकार १५२४१५७८९९७१०४१. बाकी शून्य. मी जवळजवळ ओरडलोच, "हर्षद आहे!"

बायको म्हणाली, "हळू. शेजारी हर्षदचे आईवडील राहतात."

पण आता मला कोण थांबवणार? मी अवयव पाडायला घेतले. १११११११११ ला नऊने भागलं की १२३४५६७९ येतात. नीट बघा, यात आठ नाही. सगळे हजर, आठच दांडी मारलेला. आमच्या सोसायटीच्या सभेसारखं. चौकशी करावी म्हणून त्या संख्येला आठानेच गुणलं तर ९८७६५४३२. आता आठ आलाय आणि एक पळालाय! त्याहीपुढे फोडलं तर ३७ आणि ३३३६६७ हे दोन मूळ अवयव निघतात, यापुढे फुटत नाहीत. म्हणजे आमची डोंबिवलीची संख्या म्हणजे तीनाचा चौथा घात, सदतिसाचा वर्ग आणि तीन लाख तेहेतीस हजार सहाशे सदुसष्टाचा वर्ग यांचा गुणाकार. मग तिला नेमका भाग देणाऱ्या संख्या किती? पाच गुणिले तीन गुणिले तीन. पंचेचाळीस.

आणि पंचेचाळीस कोण? एकापासून नऊपर्यंतची बेरीज. शिवाय पंचेचाळिसाचा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, वीस आणि पंचवीस, बेरीज पुन्हा पंचेचाळीस. असं ज्या संख्येचं होतं तिला 'कापरेकर संख्या' म्हणतात. डोंबिवलीत घर घेतलं आणि दारावर मास्तरांच्या नावाची पाटी निघाली!

मी वर पाहिलं. समोर कुणी नव्हतं. आमटीवर साय आली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत सरांना हे सगळं सांगितलं. ते खूश झाले, पण मास्तर तो मास्तर. म्हणाले, "आता दहा एक घे."

मला वाटलं, आणखी सुंदर काहीतरी येणार. दहा मित्र, एकोणीस स्थानकं, शिखरावर दहा. पुन्हा कागदावर मांडलं. उत्तर आलं: १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू ठीकठाक. डावीकडून सातापर्यंत सगळं सुरळीत. मग आठ बेपत्ता, नऊ एक घर आधीच आलेला आणि मधे दोन शून्यं. भूकंपात मधली खोली गेलेल्या घरासारखं.

"असं का झालं?"

"हातचा," सर म्हणाले. "एका घरात नऊपर्यंतच माणसं मावतात. दहावा आला की ते घर शून्य करून एक पुढच्याला द्यावा लागतो. पुढचा नऊ होता, त्याचे दहा झाले; त्यानेही शून्य घेतलं आणि एक पुढे दिला. त्याच्यापुढचा आठ होता, तो नऊ झाला. नऊ एकांपर्यंत कुणालाही कुणाचा हातचा घ्यावा लागत नाही. म्हणून ती संख्या देखणी आहे."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. म्हणजे खिडकीकडे बसलेल्याच्या कानाबाहेर. ज्याला कुणाचा हातचा घ्यावा लागत नाही तो देखणा राहतोच. आमच्यासारख्याचं सगळं आयुष्य हातच्यात. दिवाळीचा हातचा जानेवारीत, मुलीच्या फीचा हातचा पुढच्या बोनसमध्ये, गेल्या रविवारी न आणलेल्या गव्हाचा हातचा या रविवारी. सकाळी डोंबिवली ते दादर, संध्याकाळी दादर ते डोंबिवली. 'रामाला भाला मारा' उलटं वाचलं तरी तेच, संख्या उलटी वाचली तरी तीच. आम्ही मात्र संध्याकाळी उलटे वाचले तर तेच निघत नाही. सकाळचा इस्त्रीचा शर्ट तरी कुठे तोच असतो?

इतक्यात भांडुप आलं. मी सहज डोकी मोजली. समोरासमोरच्या दोन बाकांवर चार आणि चार, सर धरून. गुडघ्यांच्या मधे एक उभा. नेमके नऊ! सरांना खुणेने दाखवलं. त्यांनीही मोजले आणि मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका अद्भुत डेमलो संख्येच्या बरोबर शिखरावर बसलो होतो, तेही चौथ्या सीटवर.

गाडी सुटता सुटता एक गृहस्थ धापा टाकत आत घुसले. वय माझ्याएवढंच. छातीशी बॅग, हातात डब्याची पिशवी, घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. गर्दीतून वाट काढत ते आमच्या बाकापाशी पोचले आणि म्हणाले, "जरा सरकून घेता का? टेकण्यापुरतं."

चार जणांच्या बाकावर पाचवा. डब्यात दहावा. मी सरांकडे बघितलं.

"गेला आठ," सर म्हणाले, आणि सगळ्यांत आधी तेच सरकले.